पुढच्या नंबराचे दात

खळं एकच होतं आणि मळणी यंत्र अठराच दिवस यायचं. भांडायला गावाला आणखी काही लागत नव्हतं.

खळं म्हणजे टेकाडावरचा सपाट कातळ. तिथे चारी बाजूंनी वारा लागायचा, पाणी थांबायचं नाही, आणि यंत्र ओढत न्यायला तेवढी एकच चढण होती. चाळीस घरांचा गहू तिथेच मळला जायचा. एकोणिसाव्या दिवशी यंत्र पुढच्या गावाला जायचं. ज्याचं राहिलं त्यानं घरी काठीनं बडवत बसायचं.

नंबराचा नियम जुना होता. ज्याचा भारा खळ्याच्या कडेला आधी पडेल, त्याचा नंबर आधी. इतका सोपा, की कुणी कधी लिहून ठेवला नव्हता. त्यामुळे वरच्या उन्हातल्या शेतात गहू पिकायला चार दिवस बाकी असतानाच पहिला विळा पडायचा. तो पडला की शेजारचाही कापायचा. मग त्याच्या खालचा. घाई अशी बांधावरून बांधावर उतरत शेवटी खोलगटातल्या शेतापर्यंत पोचायची. तिथे गहू अजून हिरवाच असायचा.

ती या गावात सून होऊन आलेली, आणि खोलगटातलं शेत तिच्या सासरचं. म्हणजे कसायला सासरचं. मालकी शहरात राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरीणबाईंची, आणि पीक निम्मं निम्मं. सलग दोन वर्षं बाईंच्या घरी गेला तो सुरकुतलेला, चपटा दाणा. यंदा पेरणीच्या वेळी बाई स्वतः आल्या, बांधावर छत्री टेकून उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "यंदा दाणा बघते. असाच निघाला तर मी इथे झाडं लावते. झाडांना तरी घाई नसते."

तेव्हापासून आबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, दुसरं काही सुचत नव्हतं. बैल खात नाही म्हटलं तरी ते म्हणायचे, "झाडं लावणार म्हणे!" चहात साखर कमी पडली तरी, "झाडं!"

लग्नाआधी ती तीन वर्षं बियाणं तपासायच्या खोलीत कामाला होती. हजार दाणे मोजायचे, तोलायचे, ओल बघायची, नोंदवायचं. सासरी आली तेव्हा त्या सवयीचं काय करायचं ते तिला कळलं नाही. एके दुपारी तिने डब्याची दोन पत्र्याची झाकणं घेतली, त्यांना भोकं पाडली, सुतळीने एका सरळ काटकीला बांधली आणि ओसरीच्या वाशाला टांगली.

"सून आणली की वाणी आणला?" सासूबाई म्हणाल्या, पण कोयता बाजूला ठेवून बघत राहिल्या.

तिच्याकडे एका डब्यात वेगळा ठेवलेला गहू होता. गेल्या वर्षी खोलगटातल्या मोठ्या धोंड्यामागचा हातभर तुकडा नवऱ्याने कंटाळा करून कापलाच नव्हता. बारा दिवसांनी ती गवत आणायला गेली तेव्हा तो तुकडा सोन्यासारखा उभा होता. तिने ओंब्या खुडून आणल्या आणि चोळून ठेवल्या. आता तिने त्यातले हजार दाणे मोजून एका झाकणात टाकले. दुसऱ्या झाकणात कणगीतला, घाईने कापलेला गहू टाकत गेली. हजार झाले. झाकण वरच. अकराशे. बाराशे. सासूबाई खाली बसल्या आणि दहा-दहाच्या ढिगल्या करून द्यायला लागल्या. चौदाशे साठाव्या दाण्याला काटकी आडवी झाली.

"तेच शेत," ती म्हणाली. "तेच बी. फक्त बारा दिवस."

सासूबाईंनी दोन्ही झाकणांकडे पाहिलं. "म्हणजे तुझ्या नवऱ्याचा आळसच बरा म्हणायचा."

"ऐकतोय मी," आतून नवरा म्हणाला.

आबांनी मात्र मान हलवली. "हे मला माहीत नाही का? पिकलेला दाणा भरतो हे पोरालाही कळतं. पण मी पिकेपर्यंत थांबलो तर माझा नंबर कोण धरून ठेवणार? तुझी झाकणं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच तिला डाचत राहिलं. गावात मूर्ख कुणीच नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणपणाच करत होता, आणि चाळीस शहाणपणांची बेरीज सुरकुतलेली निघत होती. तीन वर्षांपूर्वी खळ्याच्या समितीने कच्चं कापणाऱ्याला एक टोपलं गहू दंड लावला होता. झालं उलटंच. आधी लोक कच्चं कापताना निदान ओशाळायचे. आता टोपलं आणून आपटायचे आणि म्हणायचे, "घ्या, भरला दंड. आता बोलायचं काम नाही." शिवाय दाणा तपासायचे ते समितीचे अध्यक्षच, आणि अध्यक्षांच्या मेहुण्याचा गहू दर वर्षी पिकलेलाच निघायचा.

यंत्र गावात यायच्या दहा दिवस आधी यंत्रवाला जागा साफ करायला आला. यंत्राचा एक पत्र्याचा दरवाजा डागडुजीसाठी उतरवून त्याने सोबत आणला होता. तांब्याभर पाणी द्यायला ती गेली, तर दरवाजाच्या आतल्या बाजूला खिळ्याने ओढलेल्या रेघाच रेघा. ओळीने.

"हे काय, भाऊ?"

"माझी जन्मठेप," तो म्हणाला. "दर वेळी तोंडात बोळा अडकला की एक रेघ. ओला पेंढा घालतात ना तुमचे लोक. मग थांबवा, उघडा, खांद्यापर्यंत हात घाला, उपसा. अर्धा तास जातो. एका दिवसाची एक ओळ."

तिने पदर खोचला आणि रेघा मोजल्या. तुमच्या गावच्या ओळी कुठल्या, ते त्याने बोटाने दाखवलं. पहिल्या आठ दिवसांत एकसष्ट. शेवटच्या सहा दिवसांत चार.

एकसष्ट अर्धे तास म्हणजे कामाचे साडेतीन दिवस. घरी परत येताना ती तेवढंच घोळवत होती. अठरा दिवस पुरत नाहीत म्हणून सगळे घाई करतात. आणि घाई करतात म्हणूनच ते पुरत नाहीत. सगळ्यांनी कोरडा गहू आणला तर यंत्र पंधरा दिवसांत मोकळं होईल. सगळ्यात उशिरा पिकणाऱ्यालाही तीन दिवस हातात राहतील.

सगळ्यात उशिरा पिकणारे म्हणजे तिच्याच घरचे.

बैठक खळ्यावरच भरली. कातळ दिवसभर तापलेला, लोक चपला बुडाखाली घेऊन बसले होते. अध्यक्षांनी दंड दोन टोपल्यांचा करायचं सुचवलं. कुणी हरकत घेतली नाही, कुणी ऐकलंही नाही. बायका बैठकीला यायच्या, बोलायच्या नाहीत. ती उठली तेव्हा नवऱ्याने खाली बघत चपलेचा अंगठा चाचपायला सुरुवात केली.

तिने रेघा सांगितल्या. झाकणं सांगितली. मग म्हणाली, "भारा आधी कुणाचा, हे विचारूच नका. दाणा आधी कुणाचा पिकला ते विचारा. ज्याचा गहू दाताखाली कट् वाजेल त्याचा नंबर. कच्चा निघाला तर नंबर जात नाही, फक्त थांबतो. पिकला की परत पहिला."

"आणि चावणार कोण?" मागून कुणीतरी. "अध्यक्ष?"

हशा पिकला. अध्यक्षांनी उपरणं झटकलं.

"नाही," ती म्हणाली. "ज्याचा नंबर त्याच्यानंतर आहे, तो."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एकेका चेहऱ्यावर उमटत गेलं. पुढचा नंबर असलेला माणूस कच्चा दाणा कशाला पास करील? त्याचंच नुकसान.

आबांचे चुलत भाऊ पुढे बसले होते. सगळं गाव त्यांना काका म्हणायचं. बोलणं तिखट, कुणाची भीडभाड नाही. ते म्हणाले, "मग तो पिकलेल्यालाही मुद्दाम कच्चा म्हणेल. मी तरी म्हणेन."

"म्हणा की, काका. मग तुमचा गहू तो चावेल. तुमचा कच्चा निघाला तर नंबर परत त्याचा. ज्याचा स्वतःचा खरोखर कोरडा आहे, त्यालाच तोंड उघडता येईल."

काकांनी मिशी चोळली. "म्हणजे राखणदार नको, पावती नको, नुसते दात हवेत."

"तुम्हाला किती उरलेत, काका?" कुणीतरी विचारलं.

"तुझा गहू चावण्यापुरते आहेत!"

"आणि शेवटच्याचा कोण चावणार?" यंत्रवाल्याने विचारलं. "त्याच्यामागे तर कुणीच नाही."

"शेवटच्याला कुणाची घाई?" ती म्हणाली. "त्याचा तोच चावेल."

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. आबांनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही, गुडघ्यावर धरला. उतारावरून घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आपण सगळ्यात शेवटी. आणि आभाळ आलं तर?"

तिच्याजवळ आभाळाचा हिशेब नव्हता. तसं तिने सांगितलं.

यंत्र आलं. पहिले तीन दिवस गाव दाण्यापेक्षा दातांसाठीच खळ्यावर जमायचं. भारा उतरला की पुढच्या नंबराचा माणूस पेंढीच्या पोटात हात घालून ओंबी काढायचा, तळव्यावर चोळून फुंकर मारायचा, आणि सगळे कान देऊन उभे राहायचे. कट् आवाज आला की यंत्रवाला चाक फिरवायचा. पहिल्याच दिवशी अध्यक्षांच्या मेहुण्याचा भारा परत गेला. तो म्हणाला, "माझा तर दर वर्षी पिकलेला असतो." त्याच्या पुढच्या नंबराने तळवा पुढे केला; त्यावर दाताने चेपलेला, पांढरा, ओला दाणा होता. त्यानंतर कच्चं कुणी आणलं नाही. लोक आपल्याच शेतात उभं राहून चावायचे आणि मान हलवून घरी जायचे. आठ दिवसांत यंत्रवाल्याच्या दरवाजावर सात रेघा पडल्या. तो आता कामाच्या मध्ये विडी ओढायला मोकळा होता आणि त्यामुळे थोडा कंटाळलेलाही.

ती आणि नवरा रोज दुसऱ्यांच्या भाऱ्यांना हात द्यायला जायची. सावडीचं काम, त्यांच्या वेळी ती माणसं येणार होती. कुसळं मानेत घुसायची, घामाने चरचरायची. तिच्या उजव्या तळव्यावर फोड येऊन फुटला, मग तिथे कातडं राठ झालं.

दहाव्या दिवशी सकाळी पश्चिमेला ढग आले. काळे नव्हते, नुसते मळकट, धुतलेल्या फडक्यासारखे. आबा बांधावर गेले आणि दुपारी जेवायला आलेच नाहीत.

तिला ते दिसले चार वाजता, खळ्याच्या चढणीवर. डोक्यावर भारा. मागे सासूबाई, डोक्यावर लहान भारा. सकाळपासून दोघांनी मिळून शेताची वरची पट्टी कापली होती. आबांचं वय सत्तरीला टेकलेलं. हाताची बोटं विळ्याच्या मुठीवर धरून धरून वाकलेली, तशीच राहिली होती.

त्या वेळी खळं मोकळं होतं. पुढच्यांचे भारे वाटेत होते. आबांनी भारा टाकला आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "माझा नंबर."

त्यांच्यानंतरचा नंबर काकांचा होता. त्यांची गाडी आबांच्या मागोमागच चढून आली होती, भारा अजून गाडीवरच होता. काका पुढे आले, ओंबी काढली, चोळली. हिरवट रंग तिला लांबूनही दिसला. काकांनी तीन दाणे तोंडात टाकले. 

काका चावत राहिले. मग खालच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "चांगला आहे, दादा. लाव."

 तिने लबाडीचा विचार केला होता, हावेचा केला होता, सूडाचासुद्धा केला होता. भिडेचा केला नव्हता. काकांसारखा फटकळ माणूस सगळ्या गावासमोर थोरल्या भावाला कच्चा म्हणणार नाही, हे झाकणांत तोलायचं राहून गेलं होतं. आज हे चाललं, तर उद्या मेहुणा येईल, परवा व्याही. आणि परवानंतर परत तेच, पहिला भारा, पहिला नंबर.

नियमाप्रमाणे तिला बोलायचा अधिकार नव्हता. ती सासऱ्यांकडे बघू शकली नाही. ती काकांकडेच बघत म्हणाली, "काका, आवाज आला नाही."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"माझे दात म्हातारे झालेत, सूनबाई," काका पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते.

आबा तसेच उभे होते. मानेवर भाऱ्याच्या काथ्याचा वळ. त्यांनी वाकून स्वतःच एक ओंबी ओढली. चोळली. दाणा दाढेत धरला आणि हळूच दाबला. आवाज झाला नाही. त्यांनी दाणा तळव्यावर काढला, पांढरा, चेपलेला, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग तळवा काकांसमोर धरला.

"कच्चा आहे," आबा म्हणाले. "तुझी गाडी लाव."

भारा परत उचलताना त्यांना नवऱ्याने हात द्यायला पाहिलं, तर त्यांनी कोपराने ढकललं. चढण उतरताना भाऱ्याखाली त्यांचा चेहरा दिसत नव्हता. वाटेत चढणारी माणसं बाजूला होत होती, आणि कुणी काही विचारत नव्हतं. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

संध्याकाळी आबा ओसरीवर विळ्याला दगड लावत बसले होते. ती पाणी ठेवून वळली.

"गावासमोर माझं हसं केलंस," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

दगड दोन वेळा पात्यावरून गेला.

"माझ्या बापाने भावकीत कधी असं ऐकून घेतलं नसतं."

 वाशाला झाकणं लोंबकळत होती. सासूबाई आतून म्हणाल्या, "तुमच्या बापाने तरी गहू पिकेपर्यंत कधी धीर धरला होता? लग्न होऊन आले त्या वर्षी मीच हिरव्या ओंब्या कापल्यात."

आबांनी विळा उलटा केला. "पट्टी किती गेली?"

"सोळावा हिस्सा," ती म्हणाली. मोजून आली होती ती. "पेंढ्या उभ्या करून ठेवल्यात. सुकतील, पण भरणार नाहीत. बाकीचं उभं आहे."

"आभाळ?"

"ते मला माहीत नाही, आबा."

"हं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "नाही म्हणालीस ते बरं केलंस. माहीत आहे म्हणाली असतीस तर मी उद्याच उरलेलं कापलं असतं."

पुढचे पाच दिवस आबा शेतात गेले ते विळा घरी ठेवून. रोज सकाळी एक दाणा चावायचे आणि घरी येऊन काही न सांगता जेवायचे. ढग दोन दिवस रेंगाळले. बाराव्या दिवशी दुपारी मोठे मोठे थेंब पडले. कातळावर पडले आणि तिथेच वाळले. तेवढंच. नवऱ्याने उसासा सोडला तो घरभर ऐकू गेला. तेराव्या दिवशी वारा फिरला, कोरडा झाला, आणि खोलगटातला गहू एका रात्रीत रंग बदलल्यासारखा दिसला.

पंधराव्या दिवशी दुपारी यंत्र मोकळं झालं. राहिलं होतं एकच शेत. सोळाव्याला पहाटे बारा विळे खोलगटात उतरले. काका सगळ्यांच्या पुढे होते आणि सगळ्यांना हळू कापता म्हणून नावं ठेवत होते. ताटं वाळून कडक झालेली; मुठीत धरली की सळसळायची, आणि पेंढी बांधताना ओंबीचं डोकं जड होऊन एका बाजूला झुकायचं. तिने ते वजन मनगटात ओळखलं. झाकणांची गरज नव्हती.

मास्तरीणबाई दहा वाजता छत्री घेऊन खळ्यावर आल्या आणि एका पोत्यावर बसल्या. भारे कडेला रचले गेले. यंत्रवाल्याने चाकाला हात लावला आणि थांबला. सगळेच थांबले. शेवटच्या नंबराच्या मागे कुणी नव्हतं. कुणी बघितलं नसतं तरी चाललं असतं.

आबा पुढे झाले. ओंबी चोळली, फुंकर मारली. दाणे तळव्यावर उभे राहिले, फुगीर, तांबूस. एक त्यांनी दाढेत धरला.

कट्.

तो आवाज काकांपर्यंत गेला. त्यांनी कानामागे हात धरला होता. "मला नाही ऐकू आलं," ते म्हणाले.

आबांनी दुसरा दाणा घेतला आणि काकांच्या कानाशी तोंड नेऊन चावला. मग तिसरा त्यांनी तिच्या राठ झालेल्या तळव्यावर ठेवला. "तू बघ, सूनबाई. आम्ही दोघंही म्हातारे."

तिने चावला. खळ्यावर हसू फुटलं, आणि यंत्रवाल्याने चाक फिरवलं. दुपारपर्यंत एकही रेघ पडली नाही.

बाईंनी ओंजळभर गहू घेतला. या हातातून त्या हातात ओतला, परत या हातात. धारेसारखा पडत होता. बराच वेळ त्या तेच करत राहिल्या, वर्गात वही तपासल्यासारख्या.

"आता मी ती झाडं कुठे लावू?" शेवटी त्या म्हणाल्या. "रोपं सांगून ठेवलीत."

आबा उपरण्याने मान पुसत होते. कुसळं टोचत होती, वळ अजून होता.

"बांधावर लावा, बाई," ते म्हणाले. "खड्डे आम्ही खणतो. पण सावली गव्हावर यायला नको. नाहीतर पिकायला अजून चार दिवस लागतील, आणि सूनबाई तेवढे दिवस मला थांबायला लावेल."